भरलेला रेडिएटर, कोरडं इंजिन

एप्रिल-मे महिन्यांत खंडाळ्याचा नाहीतर कसाऱ्याचा घाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या हमखास दिसतात. कुणाचा पंखा बंद पडलेला असतो, कुणाचा रेडिएटर गाळानं चोंदलेला असतो, कुणाचा होज पाइप फुटलेला असतो. त्यांत एखादी गाडी अशीही असते, जिचं काम आठवडाभरापूर्वीच झालेलं आहे. होज नवा, कूलंट नवं, वॉटर पंपही नवा. डब्यातली पातळी दोन रेघांच्या मधोमध. तरी गाडी तापली. मालकाला वाटतं मेकॅनिकनं फसवलं, मेकॅनिकला वाटतं पार्ट डुप्लिकेट निघाला. पुष्कळदा यातलं काहीच झालेलं नसतं. कूलंट भरताना इंजिनात हवा अडकली होती आणि ती काढायची राहिली होती, एवढंच. गावातल्या गावात ती जाणवली नाही, घाटात इंजिनावर ताण आला आणि जाणवली.

गॅरेजात हा विषय ‘एअर काढली’ एवढ्या दोन शब्दांत संपतो. त्यामागे नेमकं काय असतं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. या कामाला पार्ट लागत नाही, महागडं हत्यारही लागतंच असं नाही. लागतो तो अर्धा-पाऊण तास. तो वाचवायच्या घाईत पुढे हेड उतरवायची पाळी येते, आणि त्या बिलाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भागच गाडी ओढायच्या कामी येतो. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली बहुतेक इंजिनाच्या धातूत शिरते. ती तिथून उचलून बाहेरच्या हवेत सोडायची, हे कूलिंग सिस्टीमचं काम. चार माणसं, डिकीभर सामान आणि चालू एसी घेऊन दुसऱ्या गिअरवर घाट चढणाऱ्या छोट्या गाडीतसुद्धा ही उष्णता वीस किलोवॅटच्या घरात जाते. सिलिंडरमध्ये जळत्या वायूंचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सियसच्या वर पोचतं. त्यांना अगदी लागून असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड मात्र सहाशे अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. तरी ते वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्याच्या पोटात कोरलेल्या वाटांमधून कूलंट अखंड वाहत असतं आणि आलेली उष्णता तिथल्या तिथे उचलून नेत असतं.

आता त्या वाटेत कूलंटच्या जागी हवा आहे असं समजा. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते. एक लिटर हवेला साधारण सव्वा ज्यूल पुरते. म्हणजे तेवढ्याच जागेत मावणारं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. शिवाय धातूकडून उष्णता घ्यायची म्हटली, तर हवा ती पाण्याच्या जवळजवळ पंचविसाव्या हिश्श्यानंच वाहून नेऊ शकते. हेडच्या एखाद्या कोपऱ्यात कपभर हवा अडकली, तर त्या कोपऱ्यापुरतं इंजिन कोरडं चालतं. बाकी सगळीकडे कूलंट वाहत असल्यानं बाहेरून काही कळत नाही. त्या कोपऱ्याच्या कडेचं कूलंट जास्त तापून जागच्या जागी उकळतं, त्याची वाफ होते, वाफेनं हवेचा फुगा वाढतो आणि कोरडी जागा आणखी पसरते.

अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ज्या इंजिनांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तिथे ही ओढाताण आधीच असते. त्यात हेडचा एकच भाग जास्त तापला की ते वाकतं. वाकतं म्हणजे डोळ्याला दिसण्याइतकं नव्हे, मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी. पण हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट निकामी व्हायला तेवढं पुरतं. मग हेड उतरवून मशिनवर सपाट करणं आलं, त्यालाच आपले मेकॅनिक ‘फेसिंग’ म्हणतात.

या हवेची सगळ्यांत वाईट खोड अशी, की ती काट्यालाही फसवते. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला आहे असं धरूनच बसवलेला असतो. त्याच्याभोवती हवा किंवा वाफ आली, की तो धातूचं खरं तापमान सांगू शकत नाही. काटा वरखाली उड्या मारतो, नाहीतर इंजिन तापत असताना मध्येच खाली येतो. चढावर चढलेला काटा एकाएकी खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नका, गाडी ताबडतोब बाजूला घ्या. आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांत काटाच नाही, गार असताना निळा आणि अती तापल्यावर लाल असा दिवा तेवढा असतो. कंपन्यांनी काटा काढला हे मला अजिबात पटलेलं नाही. हळूहळू बिघडत जाणारी गोष्ट दिव्यानं कळत नाही. लाल दिवा लागतो, तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

जुन्या गाड्यांत हवा इतकी अडकत नसे. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत पाणी सरळ उकळून वाफ होऊन जायचं आणि चालकाला ते पुन्हा पुन्हा भरावं लागायचं. १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी या गाडीवर विल्हेल्म मायबाखनं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या, नळ्यांमधून वारा जायचा आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी फिरायचं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरायचं, एवढ्यावर गाडी चालायची. हे जमायला एक अट होती, रेडिएटर इंजिनापेक्षा उंच हवा. त्यामुळे पाणी भरताना हवेला वाट आपोआप मिळायची. सगळ्या वाटा चढत चढत झाकणाशी येऊन मिळत, आणि बुडबुड्याला वर जाण्यापलीकडे काही ठाऊक नसतं.

पुढे बॉनेट खाली आलं, रेडिएटर बुटका झाला, इंजिनाचं डोकं त्याच्या वर गेलं. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर आला, तो बऱ्याच गाड्यांत सगळ्यांत उंचावर असतो. पाइप एकावरून एक वळसे घेत जाऊ लागले आणि कुठे ना कुठे उलट्या ‘यू’सारखा उंचवटा तयार झाला. झाकण खाली आणि उंचवटा वर, अशी मांडणी झाली की झाकणापर्यंत काठोकाठ भरलं तरी उंचवट्यातली हवा तिथेच राहते. रेडिएटर भरलेला दिसतो आणि इंजिन अर्धं रिकामं असतं, ते यामुळे.

मग पंप ही हवा ढकलून का देत नाही? विहिरीवरची मोटर चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फूटव्हॉल्व्ह गळला, पाइपातलं पाणी उतरलं आणि पंपात हवा शिरली, की मोटर नुसती घरघरत फिरते, पाणी उचलत नाही. वरून पाणी ओतून पंप भरून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे धार लागते. गाडीतला वॉटर पंप त्याच जातीचा आहे. त्याची पाती कूलंटला गोल फिरवून बाहेर फेकतात आणि त्यातून दाब तयार होतो. हवा पाण्यापेक्षा शेकडो पट हलकी, ती फिरवून फेकली तरी दाब जवळजवळ काहीच तयार होत नाही. पंपातच हवा साचली तर प्रवाह थांबतो. हवा पुढे उंचवट्यात असेल, तर मंद प्रवाह तिच्या खालून निघून जातो.

इथे बुडबुड्याच्या वेगाचाही हिशेब आहे. काही मिलिमीटरचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर वेगानं वर चढतो. एक दशांश मिलिमीटरचा बारीक बुडबुडा मात्र सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकतो. उंचवट्यानंतर पाइप खाली उतरत असेल, तर हवेला पाण्याबरोबर खाली जायला हवं, आणि तिचा कल वर जाण्याचा. प्रवाह तिच्या चढण्याच्या वेगापेक्षा जोरात असेल तरच तो तिला ओढून नेतो. म्हणून हवा काढताना मेकॅनिक मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर धरतो. आणि म्हणूनच तो थांबतोही, कारण बारीक बुडबुडे एकत्र येऊन झाकणापर्यंत पोचायला वेळ द्यावाच लागतो.

थंड प्रदेशात गाडीत हवा अडकल्याचं पहिलं लक्षण हीटर सांगतो. इंजिन तापलेलं असून हीटरमधून गार वारा येतो, रेस केली की जरा गरम येतो, पुन्हा गार. आपल्याकडे, महाराष्ट्र-गोव्यात, हीटर वर्षभर कुणी लावत नाही. त्यामुळे हे लक्षण समोर असून दिसत नाही. कूलंटचं काम करून आणल्यावर एकदा तरी, उन्हाळा असला तरी, हीटर पूर्ण गरमवर करून बघा. आणि सकाळी गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज येतो का, तो कान देऊन ऐका. तो आवाज हीटरमधून पाणी आणि हवा एकत्र जात असल्याचा असतो.

हवा येते तरी कुठून? बहुतेक वेळा ती आपणच भरतो. होज, थर्मोस्टॅट किंवा पंप बदलताना कूलंट काढावं लागतं, सिस्टीम रिकामी होते, म्हणजेच हवेनं भरते. नव्यानं ओतलेल्या पाण्यातही हवा विरघळलेली असते, लिटरमागे पंधरा-वीस मिलिलिटर, आणि पाणी तापलं की ती बाहेर पडते. त्यामुळे काम झाल्यावर एक-दोन दिवस पातळी थोडी उतरणं ठीकच आहे. तिसरी वाट डब्याची. रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. कूलंट तापून फुगलं की दाबाचा व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं कूलंट डब्यात जातं. गाडी गार झाली की आत पोकळी तयार होते आणि दुसरा छोटा व्हॉल्व्ह तेच कूलंट परत ओढून घेतो. डबा कोरडा असेल, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या डब्याकडे दुर्लक्ष केल्यानं किती इंजिनं गेली असतील! झाकणाच्या रबराला चीर गेली असली तरी हेच होतं, आणि झाकण ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ज्या गाड्यांत झाकण रेडिएटरवरच असतं, त्यांची रीत आधी बघू, कारण त्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

सुरुवात कूलंट काढतानाच होते. काढलेलं कूलंट मोजून ठेवा. चार लिटर निघालं आणि भरताना तीनच लिटर मावलं, तर उरलेल्या एका लिटरची हवा आत आहे. याच्याइतका सोपा पुरावा दुसरा नाही, पण फार थोड्या ठिकाणी कुणी मोजतं. थर्मोस्टॅट बदलला असेल तर त्याच्या कडेला एक छोटं भोक आणि त्यात सैल हलणारी पिन असते, ती वरच्या अंगाला येईल असा तो बसवायचा. इंजिन भरत असताना त्या भोकातून हवा निघून जाते, आणि पंप सुरू झाला की प्रवाह ती पिन दाबून भोक बंद करतो. पिन खाली ठेवून बसवला, तर वर साचलेल्या हवेला ते भोक सापडतच नाही.

गाडी गार असावी आणि तिचं तोंड चढाकडे असावं, म्हणजे झाकण शक्य तितकं उंच येतं. हीटर पूर्ण गरमवर. मग कूलंट हळूहळू ओतायचं. एका दमात ओतलं तर बाहेर पडणारी हवा आणि आत जाणारं कूलंट एकाच तोंडात अडतात. थोडं गेलं की थांबायचं. मोठा बुडबुडा ‘बुडुक’ करून वर येतो आणि पातळी बोटभर खाली जाते. वरचा होज मुठीत धरून दाबायचा, सोडायचा. दाबला की कूलंट तोंडाशी उचंबळतं, सोडला की बारीक फेस वर येतो. असं करत करत, पातळी हलेनाशी होईपर्यंत भरायचं. इंजिनावर किंवा होजवर हवा काढायचा स्क्रू दिलेला असेल, तर तो या वेळी सैल करायचा. आधी नुसती फसफस येते, मग थुंकल्यासारखे थेंब आणि शेवटी बुडबुड्यांशिवाय सलग धार. धार सलग झाली की स्क्रू बंद.

मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करायचं. तोंडात मोठं नरसाळं घट्ट बसवून त्यात थोडं कूलंट ठेवलं तर फारच बरं, ते सांडत नाही आणि सगळ्यांत उंच जागाही तीच होते. पहिली काही मिनिटं फारसं काही घडत नाही. थर्मोस्टॅट बंद असतो, कूलंट इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरतं, रेडिएटरचा खालचा होज गारच असतो. थर्मोस्टॅटच्या आत मेणाची गोळी असते, ती वितळून फुगली की झडप उघडते. ही युक्ती १९३० च्या दशकातली, सर्जियस व्हर्ने यांची. बहुतेक गाड्यांत झडप ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागते. तो क्षण डोळ्यांनी बघण्यासारखा असतो. नरसाळ्यातली पातळी एकाएकी खाली जाते, कधी सगळं कूलंट गटकन आत ओढलं जातं, पाठोपाठ बुडबुड्यांची रांग लागते, आणि वरचा होज हाताला चटका बसेल इतका तापतो. अडकलेली बरीचशी हवा या वेळी निघते. पण घाईत असलेला माणूस याच्या आधीच झाकण लावून मोकळा झालेला असतो.

पुढे कूलंट घालत राहायचं, पंखा एकदा लागून बंद होऊ द्यायचा, मग पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा पंखा लागेपर्यंत बुडबुडे थांबले, हीटरमधून सलग गरम वारा आला आणि खालचा होजही तापला, तर काम जमलं. पंखा स्वयंचलित असतो, इंजिन बंद केल्यावरही सुरू होऊ शकतो, म्हणून बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी त्याच्यापासून लांब ठेवायची. मग इंजिन गार होऊ द्यायचं, झाकण लावायचं आणि डबा भरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडून पातळी बघायची. खाली गेलेली असेल तेवढी भरायची.

गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, हे प्रत्येक गाडीच्या झाकणावर लिहिलेलं असतं आणि तरी दर उन्हाळ्यात माणसं भाजतात. कारण आत दाब असतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल, तो दाब बारमध्ये. १.१ बारच्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंटमधलं ग्लायकोल निम्मं मिसळलं तर ही हद्द आणखी सात-आठ अंश वर जाते. झाकण उघडल्याबरोबर दाब जातो आणि १२० अंशांचं पाणी क्षणात उकळतं. पाच लिटर साधं पाणी धरून हिशेब केला, तर त्यातलं पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम पाणी तिथल्या तिथे वाफ होतं, आणि त्या वाफेला तीनशे लिटर जागा लागते. ती सगळी झाकणावर वाकलेल्या चेहऱ्याच्या दिशेनं येते. ओला फडका हातात घेतला म्हणून यातून सुटका होत नाही.

पोलोसारख्या युरोपीय घडणीच्या गाड्यांत आणि अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसतं. दाबाचं झाकण डब्यावर असतं आणि डबा सगळ्यांत उंच बसवलेला असतो. रेडिएटरच्या वरच्या टोकाकडून आणि बहुतेक वेळा हेडकडूनही बारीक नळ्या डब्यात येतात, त्यांतून बुडबुडे सतत निघून जातात. मला ही रचना जास्त शहाणपणाची वाटते, कारण हवा काढायचं काम गाडी रोज स्वतःच करत राहते. या बारीक नळ्या गाळानं बंद झाल्या की मात्र सगळं मुसळ केरात. कूलंट बदलताना त्यांतून धार येते का, ते बघायला सांगा. बीएमडब्ल्यूच्या ज्या इंजिनांवर विजेचा वॉटर पंप आहे, त्यांतल्या अनेकांत इंजिन चालूच करायचं नसतं. इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यांत कमी, आणि अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरला की पंप आपला आपण साधारण बारा मिनिटं फिरत राहतो आणि हवा डब्यात आणून सोडतो. प्रत्येक गाडीची रीत वेगळी, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल बघणं हे कमीपणाचं नाही. जे मेकॅनिक ते बघतात, त्यांच्याकडे गाडी निर्धास्त द्यावी.

मोठ्या वर्कशॉपमध्ये आता निर्वातानं भरण्याचं साधन वापरतात. काँप्रेसरच्या हवेवर चालणारं छोटं यंत्र झाकणाच्या जागी बसवतात आणि सिस्टीममधली हवा ओढून घेतात. होज आतल्या आत चपटे होतात, मीटर उणे ०.८ बारच्या आसपास जातो. तो काटा काही मिनिटं तिथेच राहिला, तर गळती नाही हेही कळतं. मग व्हॉल्व्ह फिरवला की कॅनमधलं कूलंट आपोआप आत खेचलं जातं. उणे ०.८ बार म्हणजे ऐंशी टक्के हवा आधीच गेली, उरलेली वीस टक्के कूलंटच्या दाबानं आक्रसते. मधेच वळसे असलेल्या गाड्यांना हाच उत्तम उपाय. पुढच्या काळात याची गरज वाढेल, कारण विजेच्या गाड्यांतल्या द्रवानं थंड होणाऱ्या बॅटऱ्यांनाही कूलंटच लागतं, आणि तिथेही अडकलेली हवा चालत नाही.

बुडबुडे थांबतच नसतील, तर गोष्ट गंभीर आहे. तासभर झाला, पंखा चार वेळा लागला, तरी तोंडातून सारखे बुडबुडे येताहेत, रेस केली की वाढताहेत, तर ती आत अडकलेली हवा नव्हे. गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. याची तपासणी स्वस्त आहे. निळ्या द्रवाची एक नळी झाकणाच्या तोंडावर धरून तिथली हवा त्या द्रवातून ओढायची. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. ‘अजून एअर आहे साहेब, चालवा, निघेल,’ असं कुणी आठवडाभर सांगत असेल, तर ही तपासणी करायचा आग्रह धरा.

आपल्याकडच्या दोन सवयींबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. एक म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘आपल्याकडे गरम हवा, याची गरजच नाही,’ असं सांगून तो फेकून देतात. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, कॉम्प्युटर त्याला गार समजून पेट्रोल जास्त सोडतो, तेल पुरेसं तापत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालून जाणारी दुसरी वाट, म्हणजे बायपास, बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात येतो. म्हणजे तापू नये म्हणून केलेल्या इलाजानंच गाडी तापते. दुसरी सवय बोअरवेलचं पाणी भरायची. त्यातले क्षार हेडच्या वाटांमध्ये थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. कूलंटमध्ये डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणीच मिसळावं. काढलेलं जुनं कूलंट उघड्या ताटलीत ठेवू नका. इथिलिन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही धोका तेवढाच.

घाटात गाडी तापलीच, तर एसी लगेच बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण जोरात लावा. तोही एक रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तो बाहेर टाकतो. त्यात आत हवा अडकली असेल तर तो गारच राहील, आणि मग नेमकं काय झालंय ते तुम्हाला कळेल. सुरक्षित जागा दिसताच थांबा, इंजिन बंद करा, निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत काही किलोमीटरांत रस्ता जवळजवळ पाचशे मीटर चढतो, आणि नव्या होजची पहिली परीक्षा तिथे घेण्यात काही अर्थ नाही. कूलंटचं कुठलंही काम झालं, की गाडी ताब्यात घेताना हीटर लावून गरम वारा येतो का ते मेकॅनिकसमोरच बघा, आणि किती कूलंट काढलं, किती भरलं ते विचारा. त्याला घाई करू नका, पंखा दोनदा लागेपर्यंत थांबायची तयारी तुम्ही दाखवा. मग गाडी दोन-तीन दिवस गावातच चालवा, रोज सकाळी गार इंजिनावर पातळी बघा, आणि सलग दोन सकाळी ती जागची हलली नाही, तरच घाटाचा रस्ता धरा.